मधल्या खोलीपर्यंत

९ जानेवारी

ताई,

वाकून नमस्कार. गुडघे कुरकुरतात म्हणून सध्या कागदावरच वाकतो, चालवून घे.

भूल द्यायचं मशीन एकदाचं बोटीवर चढलं. पेट्यांवर इस्पितळाचं नाव न घालता तुझं घातलंय. इस्पितळाच्या नावाने आलेली पेटी गोदामात पडून राहील. तुझ्या नावाने आली की तू जाऊन गोदामवाल्याचं डोकं खाशील आणि ती सुटेल. मशीन मोडकं नाही, बरं का. आमच्याकडे नवीन आलं म्हणून हे निघालं. मी स्वतः कित्येक वर्षं त्याच्याशेजारी बसलोय, त्याचा प्रत्येक सुस्कारा मला ओळखू येतो. नळ्या आणि श्वासाची रबरी पिशवी नवी बसवून घेतली आहे.

गावच्या इस्पितळात ऑपरेशनची खोली आहे, महिन्यातून दोनदा सर्जन येतो, पण भूल द्यायची सोय नाही म्हणून साध्या अपेंडिक्सच्या पोरालाही मोठ्या गावाला पाठवतात, असं तू लिहिलं होतंस. तेव्हापासून मला घास गोड लागत नव्हता. आता ती अडचण मिटली.

एक गंमत सांगतो. ऑपरेशन संपलं की मी पेशंटच्या कानाशी 'बरं, येतो' म्हणतो आणि निघतो. जुनी सवय. पेशंटला काय कळतंय. पण माझ्याबरोबर काम करणाऱ्या, मराठीचा गंधही नसलेल्या इथल्या परिचारिकेने ते ऐकून ऐकून उचललंय. परवा तिची ड्यूटी संपली, तिने कोट चढवला आणि दारातून मला म्हणाली, "बरं, येतो." मी विचारलं, याचा अर्थ माहीत आहे का? म्हणाली, "हो. म्हणजे, मी चालले." मी कपाळावर हात मारून घेतला. चूक काढायला गेलो तर चूक सापडेना.

तुझा ढब्बू
(भूलतज्ञ)

२० मार्च

ढब्बू,

आशीर्वाद, आणि कानाला चिमटा. स्वतःचा हुद्दा तरी धड लिही. तज्ज्ञ. 'ज्ञ'च्या आधी एक अर्धा 'ज' असतो, तो बोटीत सांडला का? इस्पितळातल्या देणगीच्या पाटीवर रंगाऱ्यानेही तुझ्या नावाखाली तसंच लिहिलं होतं. त्याला परत शिडीवर चढवलं आणि दुरुस्त करून घेतलं. निवृत्त झाले म्हणून काय झालं, डोळ्यांदेखत चूक सोडवत नाही.

पेट्या पोचल्या. गोदामवाला 'उद्या या, उद्या या' करत होता. शेवटी मी त्याच्याच बाकावर जेवणाचा डबा उघडून बसले आणि त्याच्या कारकुनांना शुद्धलेखन शिकवायला लागले, तेव्हा लगेच सही मिळाली. मशीन खोलीत लागलं. सगळे येऊन बघून गेले. सर्जन म्हणाला, "बाई, मशीन झकास आहे, पण चालवणार कोण?"

ढब्बू, हा प्रश्न तुला सुचला नव्हता का रे? मोठ्या गावातला एक भूलवाला येईन म्हणाला, दोन खेपा आला, मग त्याने तोंड दाखवलं नाही. पोरांना अजून मोठ्या गावालाच पाठवतात. धूळ बसू नये म्हणून मशीनवर माझी जुनी निळी चादर घातली आहे, फुलाफुलांची. माझी एक विद्यार्थिनी, मधल्या बाकावरची, आता इथे परिचारिका आहे. ती रोज चादर काढते, झटकते आणि परत घालते. तुझ्या देणगीची सध्या एवढीच सेवा चालली आहे.

तुझ्या त्या परिचारिकेला सांग, बाईमाणसाने 'येते' म्हणायचं. आणि तिचा अर्थ बरोबर आहे, पण अर्धा. निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, कारण 'गेली' हा शब्द एकाच वेळेसाठी राखून ठेवलाय. म्हणून 'येते'. मी सातवीच्या मुलांना सांगायचे, आपल्या भाषेत निरोप आणि वचन एकाच शब्दात भागतं, कुठला अर्थ ते माणूस बघून ठरवायचं. आईला ते कधी ठरवता आलं नाही. तू उंबऱ्यावरून 'येतो' म्हणालास, आणि ती पुढे कितीतरी वर्षं संध्याकाळी दार लावायला उशीर करायची. तक्रार नाही करत, व्याकरण सांगते आहे.

माझं ठीक. पोट अधूनमधून दुखतं, जेवण जात नाही. वय झालं, दुसरं काय.

ताई

६ एप्रिल

ताई,

'दुसरं काय' ते मला ठरवू दे. कुठे दुखतं, उजवीकडे की मधे? पाठीत जातं का? वजन उतरलंय का? पोलकं सैल झालंय का ते बघ, तुझ्या वजनकाट्यावर माझा विश्वास नाही. सर्जन येईल त्या दिवशी त्याला दाखव. शाळेत तपासणीला साहेब आला की जशी जय्यत तयारी करायचीस, तशी न करता जा, म्हणजे त्याला खरं काय ते कळेल.

चालवणार कोण, हा प्रश्न मला सुचला होता. सुचला आणि मी तो बाजूला सारला, हे तुझ्याशी खोटं बोलत नाही. मशीन पेटीत बसतं, माणूस बसत नाही. इथून जाहिरात देतो, कुणीतरी तरुण पोरगा मिळेल.

मी हे काम कसं धरलं ते तुला कधी सांगितलं नाही. इथे आलो तेव्हा सगळ्यांना हातात सुरी हवी होती, आणि ती इथल्यांच्याच हातात होती. टेबलाच्या डोक्याशी ठेवलेलं स्टूल बाहेरून आलेल्यांसाठी मोकळं असायचं. मी त्यावर बसलो. लोकांना वाटलं नाइलाजाने बसला. पण मी मागूनच घेतलं असतं. भावजींना हसत हसत मोठ्या गावाला नेलं होतं आणि त्यांची भूल उतरलीच नाही, तेव्हा मी कॉलेजात होतो. तू पडवीत बसून एकच विचारत होतीस, "झोपवलं तर उठवता का आलं नाही?" मला उत्तर देता आलं नव्हतं. म्हणून शिकलो. आजवर झोपवलेल्या प्रत्येकाला मी उठवलंय, ताई. बरं झाल्यावर पेशंट सर्जनला फुलं देतात आणि माझ्याकडे 'हा कोण' म्हणून बघतात. मला त्याचं काही वाटत नाही.

माझी एक युक्ती आहे. मुखवटा लावायच्या आधी पेशंट घाबरलेला असतो. मी त्याला म्हणतो, मला तुमच्या घरी घेऊन चला. दारापासून सुरुवात करा, स्वयंपाकघरापर्यंत. मग ते सांगायला लागतात, दाराची कडी अशी, आत आलं की डावीकडे खुर्ची. बोलता बोलता शांत होतात. स्वयंपाकघरापर्यंत अजून कुणी पोचलेलं नाही. सगळे मधल्या खोलीत झोपतात.

सर्जनला दाखव. टाळू नकोस.

ढब्बू

१० मे

ढब्बू,

अनेक आशीर्वाद.

दाखवलं. पोलकं सैल झालंय, हेही खरं निघालं. पोटात गाठ आहे म्हणतो. मोठ्या गावाला जाऊन फोटो काढून आले, त्यातही ती ऐटीत बसलेली दिसली. सर्जन म्हणतो, काढावी लागेल. तू घाबरू नकोस, मी घाबरलेली नाही.

पण माझी एक अट आहे. फोटोपुरती गेले ते गेले, ऑपरेशनसाठी मोठ्या गावाच्या इस्पितळात मी पाऊल टाकणार नाही. तुझे भावजी तिथूनच परत आले नाहीत. अनोळखी माणसाने तोंडावर मुखवटा धरायचा आणि मी डोळे मिटायचे, हे मला या जन्मी जमायचं नाही. तू भूल देणार असशील तर आपल्या गावच्या टेबलावर उद्या झोपते. सर्जन तयार आहे. मशीन तुझंच आहे, त्यावरची चादर माझी आहे. फक्त स्टूल रिकामं आहे.

लोकांना भूल देतोस आणि मला इतकी वर्षं भूलथापा. पुढच्या वर्षी येतो, मुलीची परीक्षा झाली की येतो, रजा साठली की येतो. आता काम निघालंय. कामासाठी तरी ये.

तुझी युक्ती आवडली. मी मात्र स्वयंपाकघरापर्यंत जाऊन दाखवीन, मग चहा टाकून मागे बघीन.

ताई

२८ मे

ताई,

पत्र वाचलं. रागावू नकोस, पण तू हट्ट करते आहेस आणि त्यात वेळ जातो आहे. पोटातली गाठ कुणासाठी थांबत नाही.

मी येऊ शकत नाही असं नाही. पण आमच्यातले दोघे सोडून गेलेत, थंडी सुरू होण्याआधी मला रजा मिळायची नाही. आणि खरं कारण तेही नाही. आपल्या माणसाला आपण भूल द्यायची नाही, असा आमच्यात दंडक आहे. हात थरथरतो. परक्याचा श्वास अडला की मला पुढचं सुचतं, तुझा अडला तर मी ढब्बू होऊन उभा राहीन. तुझ्यावर तो प्रयोग मी करणार नाही.

तूच इकडे ये. माझ्या ओळखीच्या सर्जनशी बोललोय, पोटाच्या कामात त्याचा हात धरणारा नाही. भूल माझा जोडीदार देईल, त्याला मी स्वतःहून जास्त मानतो. मी तुझा हात धरून उभा राहीन आणि तू डोळे उघडलेस की पहिला मीच दिसेन. व्हिसाचे कागद या पत्रासोबत आहेत, सही तेवढी करायची आहे. चादर झटकणाऱ्या तुझ्या त्या सिस्टरला सोबत आण हवं तर.

माझी विनवणी आहे. मागचापुढचा हिशेब नंतर करू, मला हवं तेवढं बोल. आत्ता फक्त येतेस की नाही ते कळव. लांबण लावू नकोस, एका शब्दात कळव.

ढब्बू

१४ जुलै

ढब्बू,

उशीर झाला. एका शब्दात उत्तर मला परीक्षेतही जमलं नाही, पण शेवटी लिहीन.

आधी तुझी युक्ती करून बघते. चल, घरी नेते तुला. दाराची वरची कडी नवी आहे, खालची तीच, उजवीकडे ओढून मग वर करावी लागते. उंबऱ्याचा कोपरा झिजलाय, तिथे तू बसून दगडाने पेन्सिलीला टोक काढायचास. आत आलं की यांची खुर्ची. तिच्यावर कुणी बसत नाही, वर्तमानपत्रं बसतात. खिडकीशेजारी भिंतीवर तुझी उंची लिहिलेल्या रेघा होत्या. रंग देताना मी रंगाऱ्याला तेवढा तुकडा सोडायला लावला, तो मला वेडी समजला. शेवटची रेघ माझ्या कानापाशी आहे. त्यानंतर तू वाढलास ते तिकडे.

मग मधली खोली. कपाटाचं दार अजून लागत नाही, कागदाची घडी घालून बसवते. ट्रंक. तुझी खाट. तिच्यावर मीच असते आता, इथून दोन्हीकडची दारं दिसतात. स्वयंपाकघरात सिस्टर भांडी वाजवते आहे. ती कामावरून इकडेच येते, गुणी आहे.

पुढचं मग सांगेन. दमले. अक्षर वाकडं आलंय, चुकाही असतील. या खेपेला तू दुरुस्त कर.

तू खूप लोकांना उठवलंस, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. लिहायचं राहून गेलं.

बरं, येते.

ताई

२ ऑगस्ट

ताई,

आलीस एकदाची वळणावर. तुझा तो शेवटचा शब्द मी किती वेळा वाचला ते सांगत नाही, हसशील. घरात सगळ्यांना सांगून झालं. तू घराची कडी, खुर्ची, ट्रंक सगळं डोळ्यांखालून घातलंस तेव्हाच मी ओळखलं, बाई आवराआवरीला लागल्या. तू कुठेही निघालीस की आधी असंच घरभर फिरतेस.

आता नीट ऐक. खालची खोली तुझी. जिना चढायला नको. पूर्वेची खिडकी आहे, सकाळी ऊन थेट पलंगावर येतं. भिंतीला मी स्वतः रंग दिला, फिका पिवळा, हाताला अजून वास येतोय. खिडकीपाशी खुर्ची ठेवलीय, तिच्यावर वर्तमानपत्रं ठेवायची नाहीत. लोकरीचं काही आणू नकोस, इथे घेऊ. चष्मा मात्र जोडीने आण. पहिल्या आठवड्यात तपासण्या, दुसऱ्यात ऑपरेशन. सर्जनने तारीख धरून ठेवली आहे. व्हिसाच्या कागदांवर सही करून लगेच पाठव, ते तुझ्या पत्रात नव्हते, गडबडीत राहिले असतील.

पुन्हा गंमत झाली. तुझं पत्र मी त्या परिचारिकेला अर्थ सांगत सांगत वाचून दाखवलं. शेवटी 'बरं, येते' तसंच वाचलं, म्हटलं बघ, बाईने असं म्हणायचं असतं. ती हसली नाही. म्हणाली, "हा तर निरोप आहे ना?" मी म्हटलं, अगं बाई, तुला अर्धाच अर्थ माहीत आहे. ही येते आहे. ती सुया मोजायला लागली.

मधल्या खोलीत थांबलीस, स्वयंपाकघर राहिलं. ते इथे येऊन सांग. आईने माझ्यासाठी दार लावायला उशीर केला, आता मी तुझ्यासाठी करतो.

तुझा ढब्बू

२२ ऑगस्ट

माननीय डॉक्टरसाहेब,

नमस्कार. मी इथल्या इस्पितळातली परिचारिका, बाईंची विद्यार्थिनी. बाईंच्या पत्रात माझा उल्लेख असेल.

तुमचं पत्र मी फोडलं, माफ करा. ते वाचल्यापासून मला तुम्हाला कसं लिहावं ते कळत नाही. साहेब, बाई गेल्या. जुलै संपता संपता, सकाळी. तुम्ही खोलीला रंग देत होतात तेव्हा बाई नव्हत्या. तार करू नकोस, असं त्यांनी मला बजावलं होतं. म्हणाल्या, "तारेत शब्द तोडून लिहितात, त्याला धड कळायचं नाही. पत्र लिही, आणि नीट लिही." मी कितीदा लिहिलं आणि फाडलं. तेवढ्यात तुमचं पत्र आलं.

एक गोष्ट त्यांनी तुमच्यापासून लपवली, ती मी लपवू शकत नाही. ऑपरेशन होणारच नव्हतं. मोठ्या गावाला फोटो काढला तेव्हाच गाठ सगळीकडे पसरलेली दिसली होती. सर्जनसाहेबांनी त्यांना स्पष्ट सांगितलं, आता कापून उपयोग नाही, त्रास वाढेल. त्या आठवड्यातच त्यांनी तुम्हाला 'तू भूल देणार असशील तर झोपते' असं लिहिलं. मी म्हटलं, बाई, हे खोटं का लिहिता? तर म्हणाल्या, "नुसतं ये म्हटलं तर तो यायचा नाही. काम आहे म्हटलं तर येईल. आला की मग सांगू, कानाला चिमटा काढू आणि चहा देऊ."

त्यांना टेबलावर झोपायचं नव्हतं, साहेब. तुम्ही समोर हवे होतात.

तुमचं मे महिन्याचं पत्र आलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. 'हात थरथरतो' हे वाक्य त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. म्हणाल्या, "अजून माझाच आहे तो." मग कितीतरी दिवस उत्तर लिहायचं ठेवून दिलं. लिहिलं तेव्हा मी शेजारीच होते, मधे मधे त्यांना पाणी देत होते. व्हिसाचे कागद घालू का म्हणून विचारलं तर मान हलवून नाही म्हणाल्या. शेवटच्या ओळीपाशी पेन बराच वेळ धरून बसल्या. मला वाटलं शब्द आठवत नाहीये. म्हणाल्या, "आठवतोय गं. तो कुठल्या अर्थाने घेईल ते बघतेय. चुकीच्या अर्थाने घेतला तर चार दिवस आनंदात जातील त्याचे. जाऊ देत."

त्रास शेवटी फार नव्हता. झोपेतच गेल्या.

घराची किल्ली माझ्याकडे आहे. मशीनवरची चादर अजून रोज झटकते. काल एका अडलेल्या बाईला मोठ्या गावाला पाठवावं लागलं, गाडीतच बाळ गेलं. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण लिहिता लिहिता लिहिलं गेलं. मशीनचं काय करायचं ते कळवा.

आपली,
सिस्टर

८ सप्टेंबर

सिस्टर,

तुमचं पत्र मिळालं. ते नीट लिहिलं आहे, ताईने एकही चूक काढली नसती.

माझं दुःख मला लिहिता येत नाही, म्हणून प्रयत्न करत नाही. खालच्या खोलीत जाऊन बसतो. सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं, मी तिला लिहिलं होतं तसंच. सगळे मधल्या खोलीत झोपतात, हे मीच तिला कळवलं होतं. ती मधल्या खोलीपर्यंत मला घेऊन आली आणि थांबली, आणि मी समजलो की ती सामान बांधते आहे. इतकी वर्षं माझं काम एवढंच होतं, बोलता बोलता माणूस कुठे थांबतं ते ओळखायचं.

इथल्या परिचारिकेला सांगितलं. तिला त्या शब्दाचा एकच अर्थ माहीत होता, म्हणून तिला बरोबर कळलं. मला दोन्ही माहीत होते, त्यातला मला हवा होता तो मी घेतला. ती रडली. आपल्या भाषेतला एक शब्द येणाऱ्या परक्या बाईने माझ्या ताईसाठी रडावं, याचं मला फार वाटलं.

मी नोकरीचा राजीनामा दिला आहे. बायको म्हणाली, जा तुम्ही, मुलीचं उरकलं की मी बघते. मशीन कुणाला देऊ नका. चादर काढून, धुऊन, बाईंच्या कपाटात ठेवा. दार लागणार नाही, कागदाची घडी घाला. सर्जनना सांगा, पुढच्या महिन्यापासून कुणाला मोठ्या गावाला पाठवू नका. माझा हात परक्याच्या बाबतीत थरथरत नाही. आणि गावात आता मला परकेच उरलेत.

घरात काही हलवू नका. पुढच्या खोलीतून मधल्या खोलीपर्यंत मला वाट माहीत आहे. स्वयंपाकघर तुम्ही दाखवा.

पत्राच्या शेवटी सवयीने एक शब्द लिहायला गेलो आणि पेन थांबलं. तो शब्द आमच्या घरात दोनदा चुकीच्या अर्थाने घेतला गेला, एकदा आईने आणि एकदा मी. म्हणून तो लिहीत नाही. साधं लिहितो, म्हणजे कुणाची समजूत चुकायला नको.

निघालो आहे.

ढब्बू
(भूलतज्ज्ञ)